गणवेशाची साडी आणि सहावा महिना

ताई, नमस्कार.

मी औशाहून लातूरला रोज एसटीने येते. एका सहकारी बँकेच्या शाखेत काउंटरला आहे. पहिलंच बाळंतपण आहे, सहावा महिना चालू आहे, डॉक्टरांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलीय. तब्येत चांगली आहे. प्रश्न कपड्यांचा आहे.

आम्हाला सोमवार ते शुक्रवार गणवेशाची सिंथेटिक साडी असते. परकराची नाडी बांधली की दुपारपर्यंत कमरेला वळ उठतो, खाल्लेलं वर येतं. म्हणून दोन-तीन दिवस मोठ्या मापाचा कुर्ता घालून गेले. शाखाधिकारी सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, जरा नीट कपडे घालत जा, समोर ग्राहक असतात." घरी सासूबाई म्हणतात, साडीच नेस, पदराने पोट झाक, ड्रेसमध्ये फार दिसतं, नजर लागते. यांचं म्हणणं, चार महिन्यांसाठी नवे कपडे कशाला. आता मार्च एंडमुळे निघायला सात वाजतात आणि पुढे एप्रिल-मेचं ऊन आहे. मी घालू काय? गणवेशातून सूट मागितली तर वाईट दिसेल का? शाखेतल्या मैत्रिणी एप्रिलमध्ये माझं डोहाळजेवण करणार आहेत. त्यासाठी साडी घ्यायची आहे, ती कशी घेऊ तेही सांगा.

– एक वाचक, औसा

प्रिय लेकी,

आधी साहेबांच्या शेऱ्याचं बघू, कारण तो तुला लागलाय आणि तुझ्या पत्रातले बाकीचे प्रश्न त्याच्यातूनच निघालेत.

सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, हे तर आहेच. बाजूला बोलावून सांगता आलं असतं. पण मला त्याहून जास्त खटकतंय ते हे की त्या वाक्यानंतर तू स्वतःच्या पोटाकडे अडचण म्हणून बघायला लागलीस. झाकू कसं, लपवू कसं, हाच सूर तुझ्या पत्रात आहे. लेकी, सहाव्या महिन्यातलं पोट दिसणारच, आणि काउंटरवर बसलेल्या बाईचं पोट दिसलं म्हणून तिचं काम कमी प्रतीचं होत नाही. कपडे नीट आहेत की नाहीत हे खांद्यावर, गळ्याशी, शिलाईत आणि इस्त्रीत दिसतं. पोट दिसतंय की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आणि इथेच त्या कुर्त्याची खरी गोम आहे. तू दोन मापं मोठा कुर्ता घातला असशील. बहुतेक बायका हेच करतात: पोट मावायला हवं म्हणून दुकानातून डबल एक्सेल उचलतात. पोट मावतं, पण खांद्याची शिवण दंडावर उतरते, गळा मोठा होऊन सारखा सरकतो, बाह्या कोपराखाली लोंबतात. मग बाई कितीही स्वच्छ आणि टापटीप असली तरी कपडा गबाळा दिसतो. वाढतं ते पोट आणि छाती. तुझे खांदे मात्र आहेत तेवढेच राहतात. म्हणून कुर्ता खांद्यात तुझ्या नेहमीच्या मापाचा हवा, छातीत एक माप सैल, आणि छातीच्या खालच्या शिवणीपासून पुढे घेर सुटलेला. टेलरला 'ए-लाइन' म्हटलं की कळतं. अंब्रेला घेर सांगू नकोस, तो फार होतो आणि एसटीच्या पायरीवर पायात येतो. बाजूचे कट कमरेच्या जरा खाली सुरू होऊ देत. पोट पुढे आलं की कट वर असलेला कुर्ता पुढून उचलला जातो, मागून लोंबतो आणि दोन्ही बाजूंनी उघडा पडतो. पुढची बाजू मागच्यापेक्षा दोन बोटं लांब शिवायला सांग, म्हणजे नवव्या महिन्यातही खालची कड सरळ दिसेल.

असा कुर्ता, सरळ पँट आणि खांद्याला पिन केलेली ओढणी घालून तू काउंटरला बसलीस, तर नावं ठेवायला जागाच राहत नाही. सरकारी पोशाखाचे नियम बघ. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंत्रालयातल्या आणि राज्यभरातल्या सरकारी कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचं परिपत्रक काढलं. जीन्स आणि टी-शर्ट नको म्हणणाऱ्या त्या परिपत्रकातही बायकांसाठी साडीच्या जोडीला सलवार किंवा चुडीदार-कुर्ता आणि ट्राउझरवर कुर्ता हे सगळं मान्य आहे. मार्च २०२४ मध्ये शाळांमधल्या शिक्षकांसाठी निघालेल्या सूचनांमध्येही साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा असंच आहे. जो पोशाख मंत्रालयात चालतो आणि वर्गात चालतो, तो लातूरच्या शाखेत अशोभनीय ठरत नाही. हे साहेबांच्या तोंडावर फेकायला सांगत नाही. पण बोलायची वेळ आली तर तुझ्या मनाशी पक्कं असू दे.

आता सूट. माग. वाईट अजिबात दिसणार नाही. दिसलंच तर ते दोन दिवसांचं आहे, आणि वळ रोजचा आहे. फक्त तोंडी मागू नकोस. तोंडी परवानगी साहेब बदलले की संपते, आणि मुख्य कार्यालयातून कोणी तपासणीला आलं की तुलाच उत्तर द्यावं लागतं. साधा चार ओळींचा अर्ज कर, असा:

"मा. शाखाधिकारी यांस, मी गरोदर असून प्रसूतीची अपेक्षित तारीख जुलैचा पहिला आठवडा आहे. गणवेशाच्या साडीमुळे कमरेवर व पोटावर ताण येऊन त्रास होत आहे. तरी प्रसूती रजेवर जाईपर्यंत गणवेशाच्याच रंगातील सुती कुर्ता, पँट व ओढणी अशा पोशाखात काम करण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. ओळखपत्र नेहमीप्रमाणे लावीन. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे."

'गणवेशाच्याच रंगातील' हे शब्द गाळू नकोस. बँकेला गणवेश हवा असतो तो ग्राहकाला कर्मचारी ओळखू यावा म्हणून. ती सोय तू ठेवतेस, हे अर्जातच दिसलं की नाही म्हणायला कारण उरत नाही. दोन प्रती काढ, आणि एका प्रतीवर आवकचा शिक्का व तारीख घेऊन ती तुझ्याजवळ ठेव. साहेबांकडे जाताना मार्च एंडच्या गडबडीत जाऊ नकोस. सकाळी कॅश उघडायच्या आधी, एकटी जा. त्या शेऱ्याबद्दल बोलायचं असेल तर एवढंच बोल: "सर, माझ्या कपड्यांबद्दल काही सांगायचं असेल तर मला आत बोलावून सांगत जा." आवाज चढवायची गरज नाही. माफी मागायची तर मुळीच नाही.

अर्जाचा विषय निघालाच आहे तर रजेचंही पाहून ठेव. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मिळालेली रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली, आणि २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तेवढीच आहे. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. तुझ्या तारखेप्रमाणे म्हणजे साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून. या कायद्यातली आणखी एक गोष्ट बायकांना फारशी माहीत नसते. अपेक्षित तारखेच्या आधीचे सहा आठवडे आणि त्याच्याही मागचा एक महिना, या काळात तू विनंती केलीस तर बँक तुला अवघड किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम लावू शकत नाही. म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून. तेव्हा टोकन वाटायला किंवा रेकॉर्ड रूममध्ये फाइली उतरवायला पाठवलं तर हा हक्क वापर.

परवानगी मिळायला आठ-पंधरा दिवस जातील. तोवर साडीच नेसायची आहे, आणि पुढेही एखाद्या दिवशी तुलाच साडी नेसावीशी वाटेल. म्हणून साडीचं सविस्तर सांगते.

तुझ्या त्रासाचं मूळ साडीत कमी आणि नाडीत जास्त आहे. निऱ्या टिकाव्यात म्हणून आपण नाडी करकचून बांधतो, आणि बारीक दोरीवर सगळा भार येतो. वर्षानुवर्षं तशी बांधणाऱ्या बायकांच्या कमरेवर काळा पट्टा उमटलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. गरोदरपणात पोटावर दाब आला की आम्लपित्त वाढतं, कारण जठराला आधीच जागा कमी झालेली असते. बाळ आत पाण्याच्या पिशवीत सुरक्षित असतं. नाडीने बाळ दबतं अशी भीती कोणी घातली तर मनावर घेऊ नकोस. त्रास होतो तो तुला. आणि तुला त्रास होतो एवढं कारण पुरेसं आहे.

तुझे दोन सुती परकर टेलरकडे घेऊन जा. वरचा नेफा नाडीसकट कापायला सांग आणि त्या जागी बनियनच्या जातीचं होजिअरी कापड, चांगलं वीतभर रुंद, दुहेरी करून जोडायला सांग. तो पट्टा पोटावरून वर छातीखालपर्यंत येतो, ताणतो पण आवळत नाही. परकर आणि पट्टा जिथे जोडलाय ती शिवण पोटाच्या खाली येते, आणि साडी तिथे खोचायची. शिवणीत पुढच्या बाजूला बोटभर रुंद इलास्टिक घातलं की निऱ्यांना पकड मिळते. टेलरला एकदा नीट समजावून सांगितलंस तर हे तासाभराचं काम आहे. बाजारात साडीखाली घालायचे अंगाला घट्ट बसणारे शेपवेअर परकर मिळतात. ते आत्ता नकोत. त्यांचं कामच आवळायचं असतं.

नेसण्यातही थोडा बदल करावा लागेल. पोट साडीला पुढे ओढतं, त्यामुळे पुढचा काठ तीन-चार बोटं उचलला जातो आणि मागचा जमिनीवर घासतो. तेव्हा साडी नेसताना ऑफिसची चप्पल पायात घालूनच उभी राहा, पुढून काठ नेहमीपेक्षा खाली घे आणि मागून जरा वर. निऱ्या कमी कर, पाच पुरतात. त्या बरोबर मध्यावर न ठेवता किंचित डावीकडे सरकव, म्हणजे पायरी चढताना पाऊल त्यांत अडकत नाही. कमरेला सेफ्टी पिन लावायची नाही. खांद्याला एक लाव. फॉल उसवलेला असेल तर आजच शिवून घे, उसवलेल्या फॉलमध्ये पायाचा अंगठा अडकला की बाई तोंडावर पडते. सहाव्या महिन्यानंतर शरीराचा तोल पुढे गेलेला असतो आणि सांधे सैल झालेले असतात, म्हणून पडण्याची भीती खरी आहे. बाकी कशाहीपेक्षा याला जप.

ब्लाउजचं काम सोपं आहे. चांगल्या टेलरने आत माया, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, ठेवलेली असते. दोन्ही बाजू उसवून ती सोडली की एक-दीड इंच मिळतो. गणवेशाचे सगळे ब्लाउज एकदम देऊ नकोस. दोन दे, ते कसे बसतात बघ, मग पुढचे दोन. आतल्या कपड्यांचंही तसंच. मॅचिंग सेंटरमध्ये मागे जोडायची हुकांची पट्टी मिळते. दहा-वीस रुपयांच्या त्या पट्टीने महिना-दोन महिने निघतात. त्यानंतर मात्र एक माप मोठं, तारेशिवायचं, सुती घे. तिथे काटकसर नको.

यांना सांग की चार महिन्यांसाठी वॉर्डरोब भरायचा नाहीये. तीन कुर्ते, दोन पँट आणि दोन दुरुस्त केलेले परकर, एवढ्यात मेपर्यंत निघतं. त्यातले दोन कुर्ते गणवेशाच्या रंगाचे शिवून घे. कापड लातूरच्या गंजगोलाई बाजारात घेतलंस तर रंग जुळवायला गणवेशाच्या ब्लाउजचा तुकडा बरोबर ने. दिव्याच्या उजेडात रंग फसवतो, दुकानाबाहेर येऊन बघ. पँट चुडीदार नको. तिची मोहरी, म्हणजे घोट्याजवळचं तोंड, घट्ट असते, आणि संध्याकाळी घोट्याला सूज आली की काढताना जीव जातो. सरळ पँट घे, वर परकरासारखाच होजिअरीचा पट्टा. पँट लवकर खाली-वर करता येते, हेही मी मुद्दाम लिहितेय. शाखेत स्वच्छतागृह दूर किंवा अस्वच्छ म्हणून, त्यात साडी सांभाळत बसायचा कंटाळा म्हणून, आपल्याकडे कामावरच्या बायका पाणीच कमी पितात. गरोदरपणात लघवीचा संसर्ग एरवीपेक्षा लवकर होतो, आणि लातूरच्या एप्रिलमध्ये कमी पाणी पिणं म्हणजे चक्कर येण्याला आमंत्रण. असे कपडे घाल की तासातासाला उठून जायचा कंटाळा येणार नाही. पाण्याची बाटली काउंटरवर डोळ्यासमोर ठेव.

उन्हाचं तुला मी काय सांगू. एप्रिल लागला की आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि मेमध्ये पलीकडे जातो. गरोदर बाईच्या अंगात रक्त वाढलेलं असतं, तिला एरवीही जास्त उकडतं. सिंथेटिक कापडात घाम जिरत नाही. मग छातीखाली, पोटाच्या घडीत, जांघेत घामोळ्या येतात, पुरळ येतं, नायटा होतो. म्हणून सुती. मलमल दिसायला छान, पण ऑफिसला फार पातळ पडते, अस्तर लावावं लागतं आणि मग मूळ हेतूच जातो. मध्यम जाडीचं कॉटन किंवा खादी बरी. खादीच्या हाताने कातलेल्या सुतात हवा खेळते. त्या २०२० च्या परिपत्रकातही शुक्रवारी खादी घालावी असं म्हटलंय, म्हणजे ऑफिसमध्ये तिला मान आहेच. आपल्या नांदेडला तर राष्ट्रध्वजाची खादी तयार होते. नवी खादी कडक असते, शिवायला देण्याआधी दोनदा पाण्यातून काढ. ती आटतेही, म्हणून अर्धा मीटर जास्तीचं घे. रेयॉनचे तयार कुर्ते स्वस्त मिळतात आणि इस्त्रीशिवाय चालतात, पण घामाने अंगाला चिकटतात. एखादा असू दे, सगळे नकोत.

पोटाच्या त्वचेला खाज येते, ती ताणामुळे, आणि सुती कापडाने बरीच कमी होते. पण तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, खूप खाज सुटली तर ते कपड्यांचं नाही. डॉक्टरांना सांगायचं.

बसचंही बोलू. निम्मं तिकीट झाल्यापासून सकाळच्या गाड्यांना बायकांची गर्दी असते, हे चांगलंच आहे, पण तुला धक्का नको. शक्य असेल तर एक गाडी आधीची धर. मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट टाळ, दणके तिथेच बसतात. बसमध्ये पदर मोकळा नको, आणि ओढणी गळ्याभोवती पिन करून नको. बॅगेत एक कुर्ता जास्तीचा ठेव. घामाने भिजलेल्या कपड्यात आठ तास बसण्यापेक्षा पोचल्यावर पाच मिनिटांत बदललेला बरा. शाखेत एसी असेल तर त्या ओल्या कपड्यांवर थंडी भरते.

चप्पल संध्याकाळी विकत घे, पाय फुगलेले असताना. उंच टाच नको, अगदी सपाट पातळ तळही नको. मध्ये थोडी गादी असलेली, मागे पट्टा असलेली, वाकून बंद लावावा लागणार नाही अशी घे. टेबलाखाली पाय टेकवायला लहान स्टूल माग. नाही मिळालं तर जुन्या लेजरचा गठ्ठाही चालतो.

आणि जोडवी. ही गोष्ट घरात कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. आठव्या-नवव्या महिन्यात बोटं सुजतात आणि जोडवी रुततात, मग कापून काढायची वेळ येते. बोटातली अंगठीही. आत्ताच साबणाच्या पाण्याने दोन्ही सुटतात का बघ. घट्ट होत असतील तर काढून ठेव, किंवा सोनाराकडून उघडी, सैल करून घे. सासूबाईंना आधी सांगून कर, म्हणजे त्यांना धक्का बसणार नाही. संध्याकाळी पायांना येणारी सूज रात्री पाय वर ठेवून झोपल्यावर उतरते, ती साधी. पण सकाळीच तोंड सुजलेलं दिसलं, हात एकदम फुगले, बांगड्या रुतल्या, सोबत डोकं दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी किंवा चमक येतेय, बरगडीखाली दुखतंय, तर बँकेत जायचं नाही. त्याच दिवशी, त्याच वेळी दवाखान्यात जाऊन रक्तदाब तपासायचा. मार्च एंड असला तरी.

सासूबाईंबद्दल तुझ्या लिहिण्यात राग आहे, तो मला समजतो. पण त्या जे बोलतायत त्यात थोडी माया आणि बरीचशी भीती आहे. त्यांच्या वेळी पोटुशी बाई घरातच असायची, परक्या माणसांपुढे दिवसभर बसायची वेळ फार थोड्यांवर यायची. लोक बघतील, बोलतील, नजर लागेल, ही भीती वाद घालून जात नाही. तू त्यांना कुर्ता घालून दाखव. नीट शिवलेला, ओढणी घेतलेला. आणि कमरेवरचा वळही दाखव. तोंडी सांगण्यापेक्षा तो वळ बघितला की त्यांना पटेल, बाळंतपणातून गेलेलीच बाई आहे ती. साडीच्या दिवशी त्यांचं समाधान करायचं असेल तर पदर थोडा लांब घेऊन उजव्या बाजूने पुढे आणून सैल खोच. पोटावर सावली राहते आणि आवळत काही नाही. मात्र बसमध्ये चढताना तो सोडून खांद्यावर घ्यायचा. काळ्या रंगाला त्या नको म्हणत असतील तर त्यावरून भांडू नकोस, उन्हाळ्यात काळं तसंही तापतं. आपण वाद घालायचा तो नाडीसाठी आणि चपलेसाठी. बाकी सोडून देता येतं.

शाखेतल्या बाया पोटाला हात लावतील, कितवा महिना, मुलगा वाटतो की मुलगी, असं ग्राहकही विचारतील. हसून "सहावा" म्हण आणि पासबुक पुढे ओढ. हात लावलेला आवडत नसेल तर खुर्ची मागे घे आणि "नको हं" म्हण. एवढं म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. त्यासाठी कोणी रागावलं तर रागावू दे.

राहिली डोहाळजेवणाची साडी. मैत्रिणी करतायत हे वाचून मला फार बरं वाटलं. त्यांना आधीच विचार की कार्यक्रम कामाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आहे की सुट्टीच्या शनिवारी. जेवणाच्या सुट्टीत असेल तर ती साडी नेसून तुला पुन्हा काउंटरला बसायचंय, म्हणून भरजरी नको. पैठणी आईकडची असेल तर ती घरच्या कार्यक्रमाला ठेव, दोन तास पाटावर बसून नेसायला ती छान. शाखेतल्यासाठी हिरवी, सुती किंवा सुती-रेशमी मिश्र, हलकी इरकल बघ. आपल्याकडे लातूर-उदगीरच्या बाजारात ती मिळते, काठ ठसठशीत असतो आणि अंगावर ओझं होत नाही. हिरव्या बांगड्या भरताना नेहमीपेक्षा एक माप सैल भर.

तिचा ब्लाउज मात्र विचार करून शिव. पुढून हुक, आतून सुती अस्तर आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया. जुलैनंतर बाळाला पाजताना तोच उपयोगी पडेल, आणि रजा संपवून परत काउंटरला बसशील तेव्हा माया आत घेऊन पुन्हा मापात करता येईल. एप्रिल म्हणजे लग्नसराई, टेलर तारखा देतो आणि पाळत नाही. परकर, कुर्ते आणि हा ब्लाउज, सगळं कापड एकदमच नेऊन याच शनिवारी देऊन ये.